मारोतराव निनाव्यांची पानथरी

मारोतराव निनाव्यांचं पोट डाव्या बाजूनं वाढायला लागलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद भैय्याजींना झाला. भैय्याजी म्हणजे नागपूरच्या गोळीबार चौकातल्या बँडचे मालक, आणि मारोतराव त्यांच्याकडे सगळ्यात मोठा ढोल वाजवायचे. हा ढोल पट्ट्यानं गळ्यात अडकवायचा आणि पोटावर टेकवून दोन्ही बाजूंनी बडवायचा. सडपातळ माणसाच्या पोटावर तो ठरत नाही, चालताना गुडघ्यांवर आपटतो. मारोतराव तर काडीपैलवान. त्यांचे वडील कोष्टी. जन्मभर त्यांनी हातमागावर लुगडी विणली. पण पोरांच्या वेळेपर्यंत मागावर पोट भरेना, म्हणून दोन्ही पोरं बँडात शिरली होती.

"आता कसा ढोल बसला गा!" भैय्याजी म्हणाले. "असंच खात राहा, मारोतराव."

मारोतराव खातच नव्हते. अर्धी भाकर गेली की पोट तट्ट. हात वाळले, गाल आत गेले, आणि पोट मात्र सदऱ्याखाली टरबूज लपवल्यासारखं एकाच अंगानं पुढं येत चाललं. त्यांची बायको रंभाबाई रोज सकाळी घामानं भिजलेली चादर दोरीवर टाकायची आणि चिंतेनं पाहत राहायची. वैद्यानं गॅस सांगितला. बँडातल्या क्लॅरिनेटवाल्यानं ओवा दिला. शेजारच्या इंदूबाईंनी रंभाबाईला बाजूला घेऊन विचारलं, "मानसाले दिवस जात नाहीत वं, हे मलेबी समजते. पन एकदा दाखवून तर ये!"

ही गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची. एका वरातीत, मंडपाच्या दारापाशीच, मारोतराव ढोलावर पालथे पडले आणि तसेच राहिले. वऱ्हाडाला वाटलं, वाजवण्याचा काही नवा प्रकार असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैय्याजींनी त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टर पांढरीपांड्यांनी पोटावर हात ठेवला. मग त्यांनी शेजारच्या डॉक्टरला बोलावलं, त्यानं आणखी दोघांना. प्रत्येक जण पोट चाचपून खूश होऊन जात होता. एवढी मोठी पानथरी, म्हणजे प्लीहा, त्यांनी पुस्तकातच पाहिली होती. बरगडीखालून निघून ती बेंबीपाशी आली होती. मारोतरावांनाही जरा अभिमान वाटला. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर मात्र कोणी हसलं नाही.

"रक्ताचा कॅन्सर आहे," पांढरीपांडे म्हणाले.

"पन मले तर पोटाचा तरास आहे, साहेब. रक्ताचं काईच नाही."

"रोग हाडांच्या मगजात आहे. तिथं रक्त बनतं. पांढऱ्या पेशी बेसुमार बनून राहिल्या, त्या पानथरीत साठतात. गोळ्यांनी काही काळ आवरता येईल. मुळापासून जायला एकच रस्ता आहे. तो रोगी मगज जाळून टाकायचा आणि दुसऱ्याचा निरोगी मगज घालायचा. मुंबईला सुरू झालंय आता. सख्खा भाऊ आहे?"

मारोतरावांनी भिंतीकडे पाहिलं. रंभाबाईनं उत्तर दिलं, "हाव, आहे. पन बोलत नाहीत."

"मुका आहे?"

"नाही जी. एकमेकांसंग बोलत नाहीत."

भाऊ म्हणजे गणपतराव, मारोतरावांहून मोठे. चौकापलीकडच्या दुसऱ्या बँडात ते कॉर्नेट हा पितळेचा छोटा कर्णा वाजवायचे. पूर्वी दोघं एकाच बँडात होते. मग गणपतरावांना दुसऱ्यांनी ओढून नेलं, आणि काही दिवसांनी सेंट्रल अव्हेन्यूवर दोन वराती समोरासमोर आल्या. एका बाजूनं ढोल, दुसऱ्या बाजूनं कॉर्नेट. मागं कोणी सरकायचं, यावर दोन्ही बँड एकमेकांच्या तोंडावर वाजवत उभे राहिले. त्या गदारोळात दोन्ही घोड्या बुजून वळल्या, आणि सेहऱ्याच्या पडद्याआड काही न दिसणारे दोन नवरदेव एकमेकांच्या मांडवापर्यंत जाऊन पोचले. एकाला तर ओवाळूनही झालं होतं. तेव्हापासून प्रत्येक भावाचं म्हणणं, चूक दुसऱ्याची. घराला घर लागून असूनही दोघांचं बोलणं बंद.

रंभाबाई भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, दारात जाऊन डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. भासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ती जावेशी बोलली आणि जाऊ सिंधूताई नवऱ्याशी. तिघंही एकाच खोलीत होती.

"मले काय द्या लागते म्हनते?" गणपतरावांनी बायकोला विचारलं.

"हाडातला मगज."

"म्हंजे मटनात नळी असते, तसा?"

"तसाच म्हनते डॉक्टर. सुईनं काढते कमरेच्या हाडातून."

गणपतरावांनी आपल्या कमरेवर हात फिरवून पाहिला. "देतो," ते म्हणाले. "पन त्यानं एकदा आपल्या तोंडानं म्हनावं, का त्या दिवशी मागं त्याच्या बँडानं सरकाले पायजे होतं."

हा निरोप ऐकून मारोतराव खाटेवर उठून बसले. "मरन परवडलं!"

"मंग मरा!" रंभाबाई म्हणाली आणि रडायला लागली.

शेवटी तोड अशी निघाली की गणपतरावांनी अंगणात उभं राहायचं, रंभाबाईनं ते वाक्य म्हणायचं, आणि मारोतरावांनी घरातून फक्त खोकायचं. खोकला म्हणजे कबुली. मारोतराव खोकले. नंतर ते सगळ्यांना सांगायचे की तो खरा खोकला होता.

मुंबईच्या इस्पितळात मारोतरावांच्या सगळ्या अंगावर किरण सोडले. केस गेले, भुवया गेल्या, तोंड आतून सोलून निघालं. गणपतरावांना भूल देऊन कमरेच्या दोन्ही हाडांतून मगज काढला. ते काही दिवस बसू शकले नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उभ्यानंच आपला त्याग सांगायचे. मगजाची लालभडक पिशवी मारोतरावांच्या शिरेतून आत गेली. काही आठवड्यांनी नव्या मगजानं हाडांत घर केलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की मारोतरावांचा रक्तगट बदलून भावाचा झाला आहे.

हे गणपतरावांच्या कानावर पडायला नको होतं.

नागपूरला परतल्यावर त्यांनी सिंधूताईकरवी निरोप धाडायला सुरुवात केली. मी शनिवार करतो, माह्या रक्तानंही शनिवार करावा. मले कारलं चालत नाही, तिकडंही कारलं शिजू नये. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊ नये, रक्त खराब होते. मारोतरावांनी ज्या दिवशी पहिल्यांदा ढोल गळ्यात घातला, त्या दिवशी तर गणपतरावांचे मालकच भैय्याजींच्या दारात आले. रक्त त्यांच्या कॉर्नेटवाल्याचं आहे, तेव्हा ते दुसऱ्या बँडात वाजू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"हात तर आमचेच आहेत ना?" भैय्याजींनी विचारलं.

"हातात रक्त कोनाचं आहे?"

भैय्याजींनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्यात आणखी एक गोष्ट झाली. मारोतरावांचा ठेका थोडा घाईचा पडायला लागला. अशक्तपणामुळं ढोलाचं वजन सोसत नव्हतं, म्हणून ते गाणं लवकर संपवू पाहायचे. पण गणपतराव कॉर्नेटवर नेहमी घाई करायचे, म्हणून सगळा बँड एकमेकांकडे पाहून कुजबुजायचा, "गनपतराव वाजवून राहिले गा आतून." मारोतराव घरी येऊन आरशासमोर आपले हात बराच वेळ पाहायचे.

दोनेक वर्षं बरी गेली. मग परत चादर भिजायला लागली. परत अर्ध्या भाकरीत पोट भरायला लागलं. रंभाबाईनं एका सकाळी त्यांच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि उठून त्यांचा धुतलेला सदरा काढला. दोघं रिक्षानं पांढरीपांड्यांकडे गेले.

रोग परत आला होता. गणपतरावांना ही बातमी समजली तेव्हा ते स्वतः इस्पितळात आले, तणतणत. "माह्या मालात खोट होती का?"

"तुमचा मगज उत्तम होता," डॉक्टर म्हणाले. "यांच्या जुन्या रोगी पेशी कुठंतरी लपून राहिल्या होत्या. त्यांनी परत डोकं काढलं. तुमचा मगज परत एकदा द्यावा लागेल."

"मंग द्या ना. अडवते कोन?"

"सगळ्या अंगाला किरण परत देता येत नाहीत, शरीर सोसणार नाही. या वेळी नेम धरून, फक्त पानथरीवर द्यायचे. रोगी पेशींचा मोठा अड्डा तिथंच आहे. तो तसाच ठेवला तर तुमचा नवा मगजही त्यातच गिळला जाईल. हे काम इथं नागपूरला, आपल्या कोबाल्टच्या मशीनवर होते. मग मुंबईला जाऊन औषधं आणि दुसरा मगज. जमेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पहिल्यापेक्षा अवघड आहे, एवढं सांगतो."

मारोतरावांनी विचारलं, "नेम चुकला तं?"

"त्यासाठीच रेघ काढतो."

डॉक्टरांनी त्यांना टेबलावर निजवलं, बोटांनी पानथरीची कड शोधली आणि जांभळ्या शाईनं तिच्या भोवती रेघ ओढली. मधोमध एक टिंब दिलं. ही शाई पुसायची नाही, इथं पाणी लावायचं नाही. मशीन चालवणाऱ्या प्रेमिलाबाईंनी सांगितलं, अजिबात हलायचं नाही, आणि त्या जाड दार लावून बाहेर गेल्या. मशीन एका लयीत घूं घूं करायला लागलं. लय ऐकून मारोतरावांचे पाय त्यांच्याही नकळत ठेका धरायचे, आणि भिंतीतून प्रेमिलाबाईंचा आवाज यायचा, "पाय! मारोतराव, पाय!"

मे महिना होता. शाई घामानं पसरू नये म्हणून मारोतराव अंगणात कडुलिंबाखाली खाटेवर उघडेच पडून राहायचे आणि रंभाबाई पंख्यानं वारा घालायची. तिथंच त्यांना दादाजींनी पाहिलं. दादाजी हे मोहल्ल्यातले वेगळ्या विदर्भाचे पुढारी. त्यांच्या सभेला बहुधा ते स्वतः आणि लाउडस्पीकरवाला एवढेच हजर असत. तब्येत विचारायला म्हणून आले आणि पोटाकडे पाहत थिजले.

"अरे, हा तर आपला विदर्भ!"

"पानथरी आहे जी," रंभाबाई म्हणाली.

"कायची पानथरी! हा पाहा बुलढाना. हे अमरावती. अन् ही खाली गडचिरोलीची शेपूट." दादाजी उशाकडून पाहत होते. पायथ्याकडून पाहिलं तर ती नुसती पानथरीच होती, पण पायथ्याकडून पाहायला कोणी तयार होईना. संध्याकाळपर्यंत अंगणात गर्दी झाली. इंदूबाई हळदकुंकू घेऊन आल्या, त्यांना रंभाबाईनं हाकललं. एका मास्तरांनी हरकत घेतली की टिंब नागपूरवर नाही, यवतमाळवर पडतं. त्यावर दादाजींनी खाटेशेजारी उभं राहून भाषणच केलं आणि शेवटी म्हणाले, "मारोतराव, तुमी आमचे चालतेबोलते विदर्भ आहा!"

"मी चालून नाही राहिलो जी," मारोतराव म्हणाले. "पडून राहिलो."

किरण लागू पडले. पानथरी आटायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी स्पिरिटनं जुनी रेघ पुसली आणि आत सरकून नवी ओढली. दुसऱ्या दिवशी दादाजी अंगणात आले, पोट पाहिलं आणि ओरडले, "बुलढाना कुठं गेला?"

ते चार-पाच लोक घेऊन इस्पितळात पोचले. डॉक्टरांना वाटलं, पेशंटचे नातेवाईक आहेत. त्यांनी खुर्च्या मागवल्या.

"कोनाले विचारून तुमी अख्खा बुलढाना अन् अर्धा अकोला कापला?" दादाजींनी उभ्यानंच विचारलं.

डॉक्टरांना समजायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "पानथरी लहान होऊन राहिली. रेघ आत घेतली नाही तर किरण आतड्यावर पडतील."

"विदर्भाची एक इंच जमीन सोडनार नाही आमी!"

"दादाजी," पांढरीपांडे शांतपणे म्हणाले, "ती सोडली नाही, तर माणूस जाईल."

दादाजी खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा मोठा पेच पूर्वी कोणी पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "नागपूर तरी राहीन ना?"

"नागपूर शेवटपर्यंत ठेवतो."

त्यानंतर दादाजी रोज येऊन कोणता जिल्हा गेला ते पाहायचे. अमरावती गेली, वर्धा गेलं, चंद्रपूर गेलं. प्रत्येक जिल्ह्यामागं ते पडेल चेहऱ्यानं खाटेशेजारी बसायचे आणि जमलेल्यांना पेढे वाटायचे. उपचार संपले तेव्हा रेघेच्या आत काटोल तालुक्याएवढीच जागा उरली होती. मारोतराव अख्खी भाकर खाऊ लागले होते.

इकडे गणपतरावांनी तयारी चालवली होती. या खेपेला पक्का माल द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. नळीतून मगज येतो म्हणून ते शनिवार सोडून रोज नळीचा रस्सा प्यायचे, वर दूध आणि खारका. आखाड्यात जाऊन बैठका मारायचे. कॉर्नेट वाजवायचं त्यांनी बंद केलं, फुंकण्यात ताकद जाते म्हणून. मुंबईला पोचेपर्यंत ते इतके लठ्ठ झाले होते की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, आणि हाडापर्यंत पोचायला लांब सुई शोधावी लागली.

मारोतराव काचेच्या खोलीत होते. आत कोणी जायचं नाही. मगज देऊन झाल्यावर गणपतराव लंगडत काचेपाशी आले. मधे जाड काच, आवाज इकडचा तिकडे जात नव्हता. मारोतरावांनी भावाला पाहिलं. अंगात ताप, तोंडात फोड, डोक्यावर केस नाहीत. ते उशीला टेकून कसेबसे उठले आणि काहीतरी बोलले.

"काय म्हनते तो?" गणपतरावांनी मागं उभ्या रंभाबाईला विचारलं. भासऱ्यानं तिच्याशी थेट बोलण्याची ही पहिलीच वेळ.

रंभाबाईनं नवऱ्याचे ओठ पाहिले. "म्हनतात, का चूक तुमचीच होती."

गणपतरावांचा चेहरा लाल झाला. ते काचेवर बोट आपटत ओरडले, की रस्ता उतरता होता, घोडी त्याच्या बाजूची आधी बुजली, मागं भिंत होती, सरकणार कुठं? आतून मारोतराव हात हलवून ओरडले. दोघांनाही एकमेकांचा एक शब्द ऐकू येत नव्हता, म्हणून भांडण फार सुरळीत चाललं. जो तो आपलं सगळं बोलला. इतक्या वर्षांचं साठलेलं निघालं. शेवटी नर्स धावत आली तेव्हा दोघंही दमून, धापा टाकत, काचेच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाहत बसले होते, आणि गणपतराव रडत होते.

"रडते काहून तो?" असं मारोतरावांनी आतून खुणेनं विचारलं.

"कंबर दुखून राहिली म्हना," गणपतराव म्हणाले.

पुढचे दिवस वाईट गेले. मारोतरावांचा ताप हटेना, एकदा तर डॉक्टरांनी रंभाबाईला बाजूला घेऊन मन घट्ट करायला सांगितलं. तिनं मन घट्ट केलं आणि काचेपाशी जाऊन उभी राहिली, ती हटलीच नाही. मग एका सकाळी रक्तात नव्या पेशी दिसल्या, थोड्याच, पण दिसल्या. त्या वाढत गेल्या. पावसाळा सरता सरता मारोतराव नागपूर स्टेशनवर उतरले. वजन इतकं कमी की दादाजींनी आणलेल्या हारानंच ते वाकले.

ढोल परत उचलणं शक्य नव्हतं. भैय्याजींनी त्यांच्या हातात खुळखुळे दिले, बँडातलं सगळ्यात हलकं वाद्य. मारोतरावांना ते पोरखेळ वाटले, पण वाजवले. रक्त कोणाचं, हा वाद कोणी परत काढला नाही. गणपतरावांनीच आपल्या मालकाला गप्प केलं. दोघं भाऊ आता बोलायचे, म्हणजे भांडायचे, पण समोरासमोर.

रोग परतला नाही. पांढरीपांडे त्यांना वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना दाखवायला बोलवायचे. मारोतराव सदरा काढून टेबलावर निजायचे आणि होऊ घातलेले डॉक्टर एकामागून एक त्यांचं पोट चाचपायचे. एकदा एक घाबरलेला मुलगा बराच वेळ दाबत राहिला. समोर सर उभे, काहीतरी सापडलंच पाहिजे, असं त्याला वाटत असावं.

"सर, पानथरी लागते. दोन बोटं."

मारोतराव ताडकन उठून बसले. "कुठं लागते? दाखव! दाखव मले!"

मुलगा मागं सरकला. पांढरीपांड्यांनी स्वतः हात ठेवून पाहिलं, खोल श्वास घ्यायला लावून परत पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "निजा, मारोतराव. काही नाही तिथं."

बाहेर बाकावर रंभाबाई पिशवी घेऊन बसली होती. दर वर्षी ती अशीच दाराकडे तोंड करून बसायची आणि दार उघडेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. मारोतराव सदऱ्याच्या गुंड्या लावत आले.

"काय म्हनते?"

"एका पोट्ट्याले सापडून राहिली होती. डॉक्टरनं नाही म्हनलं."

रंभाबाईनं श्वास सोडला आणि उठली. "मंग चला. वांगी घ्या लागते, अन् तुमचे भाऊ जेवाले येऊन राहिले."